उशिरा परत आलेली

अध्यक्षांनी टाइप करून दिलेलं स्वागत या फाइलीत आहे.
त्यात 'सुवर्णक्षण' दोनदा येतो, 'ज्ञानगंगा' तीनदा.
आमच्या सांगलीच्या नदीचं नाव कृष्णा,
आणि ती या ग्रंथालयात एकदाच आली होती, न विचारता,
म्हणून फाइल बाजूला ठेवते.

या, पाहुण्यांनो,
नैरोबीहून, लिमाहून, तार्तूहून आलेल्यांनो,
गळ्यातले पट्टे काढलेत तरी चालेल,
शिक्के मारून मारून अंगठ्याला पडलेला घट्टा
सगळ्या देशांत सारखाच असावा.
मी मालन आवटी. देवघेव विभाग, एकतीस वर्षं.
इंग्रजी मला दाखलांकापुरतं येतं.

आत शिरताना भिंतीवर तपकिरी रेघ दिसली असेल.
ती रंगाऱ्याची चूक नाही.
आयर्विन पुलाची पट्टी पन्नाशी ओलांडून गेली त्या रात्री
रेघेखालचं सगळं बुडालं –
कादंबऱ्या, कारण त्या हाताशी लागतात,
बालविभाग, कारण मुलं बुटकी.
वर राहिले कुणी कधी न मागितलेले अहवाल,
ठणठणीत कोरडे.

पाणी उतरलं तर कपाटं उघडेनात.
पुस्तकं आतल्या आत फुगून एकमेकांना धरून बसली होती.
रसूल शिकलगार बाइंडर, त्यानं पहार आणली
आणि घालण्याआधी कपाटाला हळूच म्हणाला, "माफ कर बाबा."
हळदीच्या अडत्यानं गोदाम मोकळं करून दिलं,
दोऱ्यांवर पानं वाळत घातली आम्ही, पोरांच्या लंगोटांसारखी.
परवा लिमाच्या बाई शिंकल्या ना,
ती त्या गोदामातली हळद.

तरी सहा हजार एकशे बारा दाखलांकांपुढे
लाल शाईनं 'बाद' लिहावं लागलं.
अक्षर माझंच आहे.

आणि मग एकेक जण येऊ लागला.
कुपवाडचा लेथवाला,
दोन वर्षं थकवलेली रहस्यकथा शर्टाच्या आत घालून,
"बाई, दंड किती झाला?"
हरिपूरच्या इंदुताई बोंद्रे. बोटीत बसताना
रेशनकार्डाच्या पिशवीत त्यांनी आमचं पाककृतींचं पुस्तक कोंबलं होतं,
भांडी तशीच सोडून.
ज्या पोराला आम्ही सभासदत्वातून काढलं,
त्यानं चार आणली, आणि पाचवं घरी आजोबा वाचतायत म्हणाला.
ज्यांना मी नोटिसा धाडल्या,
ज्यांच्या नावापुढे फुल्या मारल्या,
त्यांच्या माळ्यांवर, उशांखाली, ट्रकच्या केबिनमध्ये
आमचं ग्रंथालय शिल्लक होतं.

तुमच्या भाषेत हे कसं सांगतात, ठाऊक नाही.
आमच्याकडे क्रियापद एकच:
जी वाचायला नेली, ती वाचली.

(दुभाष्या मुलगा थांबलाय. थांब, बाळा,
घाई नाही. हे मलाही वर्षभर उमगलं नव्हतं.)

काल संध्याकाळी तुमच्यातल्या एक बाई
त्या रेघेवर तळवा टेकवून उभ्या होत्या.
मग माझ्याकडे वळून त्यांनी मान हलवली,
आणि बोटांनी काडी ओढल्याची खूण केली.
त्यांच्याकडे पाणी नव्हतं आलं.
मी कपातला चहा बशीत ओतून पुढे केला,
दुसरं काय करणार होते?
त्या बशी धरून बराच वेळ बसल्या. चहा निवला.

तर, प्रत्येकाला एक पुस्तक द्यायचं ठरवलंय.
अध्यक्षांना अजून सांगितलेलं नाही.
मराठी आहे, तुम्हाला कळणार नाही,
नुसतं घरात कुठेतरी उंचावर असू द्या.
मागल्या पानावर चिठ्ठी आहे, शिक्का आहे,
परतीच्या तारखेची जागा मी कोरी ठेवलीय.
परत करायचंच म्हणाल तर उशिरा करा,
चांगलं उशिरा.

चला आता, भडंग मऊ पडेल.
तिखट आहे, पाणी जवळ ठेवा.
पुस्तकापासून लांब.